बोटीआधीचे चार तास



आमचं मूळ गाव कणकुंबी, तालुका खानापूर. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाते आणि ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आमच्याच तालुक्यात देगावकडे उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला घाट उतरते, पुढे तिचीच मांडवी होते आणि पणजीजवळ ती समुद्राला मिळते. एकाच डोंगराचं पाणी, पण दोन दिशांना.

गेल्या डिसेंबरात आईला मांडवीत बोटीतून फिरवायचं म्हणून चोर्ला घाट उतरलो. १९६१ पर्यंत घाटाखाली पोर्तुगीजांचा अंमल होता. आता दोन-अडीच तासांत पोचतो. साखळी, डिचोली करत बेतीला गाडी लावली आणि फेरीबोटीनं पणजीला उतरलो. फिरायची बोट संध्याकाळची. मधे चार तास मोकळे. पोरं म्हणाली समुद्रावर जाऊया. आई म्हणाली, "उन्हात वाळू काय बघायची? जुनी घरं तरी बघून येऊया की."

नदीकाठालाच जुनं सचिवालय आहे. मूळचा हा विजापूरच्या यूसुफ आदिलशहाचा वाडा, साधारण १५०० सालचा. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला, १७५९ पासून त्यांचे व्हाइसरॉय इथं राहू लागले. गोवा मुक्त झाल्यावर याच वास्तूत विधानसभा भरायची. सुलतान गेला, व्हाइसरॉय गेला, आमदारही दुसरीकडे गेले; वाडा मात्र उभा आहे, कारण प्रत्येकानं तो वापरला. शेजारी अब्बे फारियाचा पुतळा आहे, गोव्याचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, १९४५ चा.

तिथून चालत फोंतेनियशला गेलो. झऱ्यांवरून पडलेलं नाव, हे ऐकून आम्हा उगमाच्या गावच्या माणसांना बरं वाटलं. अरुंद बोळ, पिवळी-निळी-तांबडी घरं, कौलारू छपरं. माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात.

त्याच वस्तीत फुंदासांव ओरिएंतच्या वास्तूत आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांची चित्रं लावलेली आहेत. त्रिंदाद १८७० साली सांग्यात जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि पुढे तिथंच शिक्षक झाले. १९३५ मध्ये वारले. त्यांची मुलगी आंजेलाही चित्रकार. मला वाटलं होतं राजेरजवाडे असतील. पण त्यांनी घरातली माणसंही तितक्याच निगुतीनं रंगवली आहेत, बायको, मुली.

एका चित्रापुढं आई बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "घरातल्या बाईला असं समोर बसवून कोणी तरी बघितलं बघ. तुझ्या आजीचा एक फोटोसुद्धा नाही आपल्याकडं."

मी काही बोललो नाही. कारण येत्या मे महिन्यात कणकुंबीचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं, असं आम्ही भावांनी ठरवलं होतं. आजीनं शेणानं सारवलेली ओसरी, तिच्या हाताच्या तेलानं काळी झालेली चौकट, सगळं जाणार होतं. आईला विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी बोटीत गाणी वाजत होती, पोरं नाचत होती. आई कठड्याला धरून पाण्याकडं बघत होती. म्हणाली, "हे आपल्याकडचंच पाणी की रे." तेव्हा तिला घराचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पडकं घर ठेवा म्हणत नाही मी. पण आधी एकदा नीट बघून घ्या."

घर अजून पाडलेलं नाही. पावसात मागची भिंत खचते, ते खरंच आहे. निर्णय काय होईल ठाऊक नाही. पण पुतण्या चित्रकला शिकतो, त्याला सुट्टीत गावी नेलं. त्यानं आठ दिवस बसून ओसरी, चूल, परसातली विहीर काढली. शेवटी आईला चौकटीत बसवलं. दोन तास ती हलली नाही.

मंडळी, तुमच्या गावाकडच्या घरात कोणी चौकटीत बसणारं असेल, तर ह्या सुट्टीत जाऊन या.