शैवलांतील लैंगिक प्रजनन व लिंगभेदाची उत्क्रांती

लैंगिक प्रजनन आधी आले, नर-मादी हा भेद नंतर. याचा उत्तम पुरावा गोड्या पाण्यातील व्हॉल्व्हॉक्स गटाच्या हिरव्या शैवलांत मिळतो. एकपेशीय क्लॅमिडोमोनासपासून शेकडो-हजारो पेशींच्या व्हॉल्व्हॉक्सपर्यंतच्या पायऱ्या दाखवणाऱ्या जाती या गटात आजही जिवंत आहेत.

समयुग्मन : पाण्यातील नायट्रोजन संपला की क्लॅमिडोमोनासच्या पेशी युग्मक बनतात. सर्व युग्मक दिसायला सारखेच; मात्र त्यांचे ‘अधिक’ व ‘उणे’ असे दोन प्रकार असतात. भिन्न प्रकारचे युग्मक कशाभिकांनी एकमेकांना चिकटतात, पेशीभित्तिका टाकून देतात आणि एकजीव होतात. तयार झालेला द्विगुणी युग्मनज जाड कवचात प्रतिकूल काळ काढतो. परिस्थिती सुधारल्यावर अर्धगुणसूत्री विभाजनाने त्यातून दोन अधिक व दोन उणे पेशी बाहेर पडतात.

विषमयुग्मन व अंडयुग्मन : गोनियममध्ये युग्मक समानच असतात. युडोरिनात मात्र एक लहान व चपळ, तर दुसरा मोठा असतो. व्हॉल्व्हॉक्समध्ये मोठी, अचल अंडपेशी आणि पोहणारे शुक्राणू असा पूर्ण भेद दिसतो. पार्कर, बेकर व स्मिथ यांनी १९७२ मध्ये या भेदाची उपपत्ती मांडली : लहान युग्मक संख्येने अधिक तयार होतात, तर मोठे युग्मक युग्मनजाला अन्नसाठा पुरवतात, मधल्या आकाराचे युग्मक दोन्ही बाबतींत मागे पडतात.

जनुकीय आधार : क्लॅमिडोमोनासच्या फक्त उणे पेशींत ‘मिड’ हे जनुक असते. प्लिओडोरिना स्टारी या जातीत त्याचेच प्रतिरूप केवळ नरांत असल्याचे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. २०१४ मध्ये व्हॉल्व्हॉक्स कार्टेरीच्या मादीत हे जनुक कार्यरत केले, तेव्हा अंडपेशींच्या जागी शुक्राणूंच्या जुड्या तयार झाल्या. नरात ते दाबल्यावर अंडपेशी तयार झाल्या. नरत्व म्हणजे नवी निर्मिती नव्हे; जुन्या उणे प्रकाराच्या जनुकावर सोपवलेले ते नवे काम आहे.

मुंबईशी संबंध : मुंबईत नोकरीस असलेले शल्यचिकित्सक व निसर्ग-अभ्यासक हेन्री जॉन कार्टर यांनी तेथील व्हॉल्व्हॉक्सच्या फलनाचे वर्णन १८५९ मध्ये प्रसिद्ध केले. व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी हे जातिनाम त्यांच्याच सन्मानार्थ दिलेले आहे.