निवडणुका आणि दिव्यांग उमेदवार

दिव्यांग व्यक्तीने, किंवा दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्याने, लोकप्रतिनिधी होण्यासाठी निवडणूक लढवणे. या क्षेत्रातून पुढे येणाऱ्यांमध्ये शिक्षकांचे स्थान महत्त्वाचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, व्यक्ती दिव्यांग होत्या. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९.६३ लाख होती. मतदार म्हणून या समूहाला गेल्या काही वर्षांत बऱ्याच सोयी मिळाल्या. उमेदवार म्हणून त्याचा विचार कायद्याने अजून फारसा केलेला नाही.

कायदेशीर स्थिती : राज्यघटनेत शारीरिक दिव्यांगत्व ही संसद वा विधिमंडळासाठी अपात्रता नाही. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्ती तेवढी अपात्र ठरते (अनुच्छेद १०२ व १९१). दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ वरून ४ टक्क्यांवर नेले आणि सर्व मतदान केंद्रे सुगम ठेवण्याची जबाबदारी निवडणूक आयोगांवर टाकली (कलम ११). मतदानयंत्रावर ब्रेल खुणा, केंद्रावर उतार व चाकाची खुर्ची या सोयी रुळल्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदानाची मुभा मिळाली.

उमेदवारीच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. अनामत रक्कम लोकसभेसाठी २५,००० आणि विधानसभेसाठी १०,००० रुपये असते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी भरावी लागते, दिव्यांगांना मात्र सवलत नाही. पंचायती व नगरपालिकांतील आरक्षणाच्या तरतुदींत (अनुच्छेद २४३ घ व २४३ न) दिव्यांगांचा उल्लेख नाही. उमेदवाराच्या शपथपत्रात मालमत्ता, गुन्हे, शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. दिव्यांगत्वाचा रकाना नाही. त्यामुळे देशात किती दिव्यांग उभे राहिले आणि किती निवडून आले, याची अधिकृत मोजदादच होत नाही.

शिक्षक आणि उमेदवारी : विशेष शाळेतील वा सर्वसाधारण शाळेतील शिक्षकाला प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात घातलेले हेलपाटे, अडलेली शिष्यवृत्ती, शाळेत नसलेला उतार आणि मुलीला घरी बसवणारे पालक रोज दिसतात. चळवळीला लागणारे बोलणे, लिहिणे आणि माणसे जोडणे हेही त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मात्र जिल्हा परिषद, महापालिका वा शासकीय शाळेतील शिक्षकाला सेवेत राहून निवडणूक लढवता येत नाही. खासगी शाळांतील शिक्षकांसाठी १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत निवडणुकीविषयी स्वतंत्र नियम आहे.

महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. पुणे विभागाच्या मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे जिल्हे येतात. गेल्या ६ वर्षांत किमान ३ वर्षे माध्यमिक वा त्यावरील स्तरावर शिकवलेले शिक्षक येथे मतदार असतात. प्राथमिक शिक्षकांना मात्र हा मतदानाचा हक्क नाही.

भारतातील उदाहरणे : लहानपणी देवीच्या रोगाने दृष्टी गमावलेले साधन गुप्ता हे कम्युनिस्ट वकील १९५३ मध्ये कलकत्त्यातील पोटनिवडणूक जिंकून देशाचे पहिले अंध खासदार झाले. पुढे ते पश्चिम बंगालचे महाधिवक्ता होते. समाजवादी नेते यमुनाप्रसाद शास्त्री यांनी गोवा मुक्तिसंग्रामात पोर्तुगिजांच्या मारहाणीत एक डोळा गमावला आणि पुढे त्यांची दृष्टी पूर्ण गेली. १९७७ मध्ये त्यांनी रीवा मतदारसंघात तेथील माजी महाराजांचा पराभव केला. महाराष्ट्रात दिव्यांगांचा प्रश्न राजकारणाच्या केंद्राशी नेणाऱ्यांत बच्चू कडू यांचे नाव प्रमुख आहे. ते स्वतः दिव्यांग नाहीत. अचलपूरमधून २००४ पासून सलग चार वेळा ते आमदार झाले. २०२४ मध्ये पराभूत झाले. स्वतंत्र दिव्यांग विभागाच्या त्यांच्या मागणीनंतर राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये असा विभाग स्थापन केला.

पुणे आणि स्वारगेट : राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात असल्याने राज्यभरातील संघटनांची निवेदने आणि आंदोलने येथे येतात. स्थानिक संस्थांनी उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा, असा शासनाचा आदेश आहे. हा निधी खर्च होतो की पडून राहतो, हे विचारण्याची हक्काची जागा म्हणजे महापालिकेचे सभागृह. २०१७ नंतरची पुणे महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. १६५ सदस्यांच्या या सभागृहात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. दिव्यांगांसाठी एकही नाही.

उमेदवाराची अडचण कशी असते, हे स्वारगेट परिसरात नेमके दिसते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या येथील भुयारी मेट्रो स्थानकातून चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती लिफ्टने वर येऊ शकते. पण प्रचार घरोघरी करावा लागतो. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीसारख्या वस्तीत अरुंद, चढत्या गल्ल्यांतून पदयात्रा निघते आणि तेथे खुर्ची पुढे जात नाही. अंध उमेदवाराला मतदारयादी मिळते, पण ती चित्रस्वरूपातील पीडीएफ असल्याने स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. नावे वाचून दाखवायला सोबती लागतो. कर्णबधिर उमेदवाराला कोपरा सभेपासून मतमोजणीपर्यंत दुभाषा हवा. हा सारा खर्च त्याच्या पदरचा असतो. चार-चार सदस्यांच्या मोठ्या प्रभागांत तो आणखी वाढतो.

अन्य देश : स्कॉटलंडमधील ॲन बेग यांचे उदाहरण या विषयात आवर्जून दिले जाते. त्या इंग्रजीच्या शिक्षिका, शिक्षक संघटनेच्या कार्यकर्त्या आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या होत्या. १९९७ मध्ये ॲबर्डीन साउथमधून त्या ब्रिटिश संसदेवर निवडून आल्या. २०१० ते २०१५ या काळात रोजगार व निवृत्तिवेतनविषयक समितीच्या अध्यक्ष होत्या. दिव्यांग उमेदवारांचा जादा खर्च भागवण्यासाठी इंग्लंडमध्ये २०१२ ते २०१५ या काळात स्वतंत्र निधी होता. स्कॉटलंडने २०१६ मध्ये तसा निधी सुरू केला. युगांडाच्या संसदेत दिव्यांगांसाठी ५ जागा आहेत. तमिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक संस्थांवर दिव्यांग सदस्य नामनिर्देशित करण्याचा कायदा केला.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील महापालिकांत विशेष ज्ञान वा अनुभव असलेल्यांना स्वीकृत सदस्य म्हणून घेण्याची सोय आधीच आहे. अशी एक जागा दिव्यांग प्रतिनिधीला देण्यास राजकीय इच्छेखेरीज काही लागत नाही. अनामत रकमेत सवलत, वाचता येईल अशी मतदारयादी, सोबती व दुभाष्याचा खर्च मर्यादेबाहेर धरणे आणि शपथपत्रात ऐच्छिक रकाना, या सुधारणाही आवाक्यातल्या आहेत. आरक्षित जागांबाबत चळवळीत चर्चा होत राहील. पण या चार गोष्टी त्यासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही. दिव्यांगांसाठीचा निधी, शाळा आणि रस्ते यांविषयी निर्णय घेताना दिव्यांग व्यक्ती निवेदन घेऊन दाराशी उभी नसावी. तिला सभागृहात मत देता आले पाहिजे.