सरासरीआड दडलेली मुले

बाळाला लस टोचली की नाही, ही वरवर पाहता एका घरापुरती गोष्ट वाटते. पण देशभरातील घरांची माहिती एकत्र मांडली की वेगळेच चित्र दिसते. मूल कोणत्या वस्तीत, कोणत्या घरात जन्मले, यावरून त्याला लस मिळेल की नाही याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. असे का व्हावे? त्यासाठी थोडे इतिहासात डोकावू या.

भारतात देवीची लस प्रथम यशस्वीपणे टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी लस दीर्घकाळ साठवणे कठीण होते. एका मुलाच्या दंडावरील फोडातला द्रव आठवड्याभराने दुसऱ्याच्या दंडावर टोचत. म्हणजे लस पुढे न्यायला मूलच लागे आणि ते अनेकदा गरिबाघरचे असे. परजातीच्या मुलाच्या अंगातला द्रव आपल्या मुलाला नको, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. पुढे १८८० च्या कायद्याने लस सक्तीची करण्याची मुभा मिळाली, तीही नगरपालिका आणि छावण्यांपुरती. खेडी बाहेरच राहिली.

देवीचा रोग संपल्यावर, १९८५ मध्ये, क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ व गोवर या सहा रोगांविरुद्ध सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. नाव सार्वत्रिक, पण लाभ? २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिने वयाच्या सुमारे ४४ टक्के मुलांनाच सर्व मूलभूत लसी मिळालेल्या आढळल्या. सर्वांत गरीब एकपंचमांश घरांत हे प्रमाण २४ टक्के, तर सर्वांत सधन घरांत ७१ टक्के होते. शाळा न पाहिलेल्या मातांची मुले, आदिवासी मुले आणि मुस्लिम मुले सरासरीच्या खाली होती. मुलीही मुलग्यांच्या किंचित मागे होत्या. प्रगती आपोआप टिकत नाही हेही तेव्हा दिसले. महाराष्ट्रात १९९८-९९ मध्ये ७८ टक्के असलेले प्रमाण या पाहणीत ५९ वर घसरले होते.

आता थोडे गणित करू. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर गोवराचा एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना रोग देतो. आपण १५ धरू. प्रत्येकी १०० मुलांच्या दहा वस्त्या घ्या आणि लस घेतलेले प्रत्येक मूल सुरक्षित माना. सगळीकडे ९५ टक्के लसीकरण असेल, तर एक रुग्ण सरासरी १५ × ०.०५ म्हणजे ०.७५ जणांनाच रोग देईल आणि साथ विझेल. पण नऊ वस्त्यांत १०० टक्के आणि दहावीत ५० टक्के असेल तर? सरासरी तीच, ९५. मात्र दहाव्या वस्तीत एक रुग्ण ७.५ जणांना रोग देईल. तिथे साथ भडकणारच. सरासरी खोटे बोलत नाही, पण दहावी वस्ती दाखवतही नाही.

पोलिओने हेच शिकवले. २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले आणि त्यांतले बहुतेक उत्तर प्रदेशातले होते. लोकसंख्येतील वाट्याच्या मानाने त्यांत मुस्लिम मुले बरीच जास्त होती. डोसाने वंध्यत्व येते अशी अफवा होती. पण नळ, गटार, दवाखाना यांतले काहीच न पोहोचलेल्या वस्तीत फक्त डोस घेऊन माणसे वारंवार येतात, तेव्हा शंका यावी यात नवल काय? पुढे त्याच मोहल्ल्यातल्या स्त्रिया आणि इमाम घरोघर बोलू लागले. वीटभट्ट्यांवरची आणि स्थलांतरितांची मुले मुद्दाम शोधली गेली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदलेला नैसर्गिक पोलिओचा रुग्ण भारतातला शेवटचा ठरला.

गरीब व सधन घरांतले ४७ टक्क्यांचे अंतर २०१५-१६ पर्यंत सुमारे १७ वर आले, तर २०१९-२१ मध्ये देशाची सरासरी ७६ झाली. म्हणजे हे अंतर अटळ नाही.

विद्यार्थ्यांना हे वरचे दहा वस्त्यांचे गणित जरूर करायला द्या. आकडे बदलून पाहू द्या. आणि शेवटी एक प्रश्न विचारा: आपल्या गावातली दहावी वस्ती कोणती?