फावडं आणि खुराडं

परवा ऑफिसात एक ट्रेनिंग झालं. शुक्रवार, पावणेपाचची वेळ, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. ट्रेनरने फळ्यावर मेंदू काढला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे 'तर्क, गणित', उजवीकडे 'कला, भावना' असं लिहून आम्हा इंजिनिअर लोकांना एका झटक्यात 'डाव्या मेंदूचे' ठरवून टाकलं. तुम्हीही हे कुठे ना कुठे ऐकलं असेलच. माझा वीकेंड मात्र कारणी लागला. ही रेघ मारली कुणी?

सुरुवात १८६१ ची, पॅरिसमधली. पॉल ब्रोका या सर्जनकडे एक पेशंट आला. त्याला बोललेलं बरंचसं समजायचं, पण स्वतः बोलायला गेला की तोंडातून 'तां' एवढंच निघायचं. थोड्याच दिवसांत तो गेला. ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तर इजा डावीकडे, पुढच्या भागात! तशा आणखी केसेस बघून १८६५ मध्ये त्याने मांडलं की आपण बोलतो ते डाव्या अर्ध्या मेंदूने.

आता दोन भाग म्हटले की त्यांना जोडणारी केबल आलीच. तिचं नाव कॉर्पस कॅलोसम. साधारण २० कोटी तंतूंचा जाडजूड जुडगा. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये अपस्माराच्या काही पेशंट्सची ही केबल डॉक्टरांनी कापली. झटका एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये, एवढाच हेतू. गंमत म्हणजे नंतर पेशंट अगदी नॉर्मल वाटले. एवढी मोठी केबल काढली आणि सिस्टीम चालूच? मेंदू खाली लोंबू नये म्हणून ती असावी, असा विनोद तेव्हा कार्ल लॅशली या शास्त्रज्ञाने केला होता म्हणे.

खरं तर टेस्टिंगच चुकलं होतं. दोन्ही भागांना एकच इनपुट मिळत असेल, तर केबल तुटल्याचं कळणार कसं? रॉजर स्पेरीने आधी मांजरांवर वेगवेगळं इनपुट देऊन पाहिलं. मग १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला जोसेफ बोगेन आणि फिलिप व्होगेल या सर्जननी एका माजी पॅराट्रूपरची केबल कापली. वैद्यकीय नोंदींत त्याला 'डब्ल्यू. जे.' म्हणतात. त्याच्या चाचण्या घेतल्या स्पेरीच्या विद्यार्थ्याने, मायकेल गझानिगाने.

नजर एका ठिपक्यावर रोखली, की ठिपक्याच्या उजवीकडचं दृश्य डाव्या अर्ध्यात पोचतं आणि डावीकडचं उजव्या अर्ध्यात. उजवीकडे क्षणभर काही चमकवलं, की डब्ल्यू. जे. काय दिसलं ते सांगायचा. डावीकडे चमकवलं की म्हणायचा, काहीच दिसलं नाही. आणि त्याच वेळी त्याचा डावा हात, दिसल्याची खूण म्हणून, बटण दाबायचा! १९८१ मध्ये स्पेरीला नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

पण मला खिळवून ठेवलं ते १९७० च्या दशकातल्या एका प्रयोगाने. गझानिगा आणि जोसेफ लडू यांनी एका तरुण पेशंटच्या डाव्या अर्ध्याला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फात बुडालेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. फावडं का? बर्फ उपसायला, हे सरळ उत्तर. पण बर्फ पाहिलेल्या अर्ध्याला बोलता येत नव्हतं, आणि बोलणाऱ्याने बर्फ पाहिलाच नव्हता. तरी तो 'माहीत नाही' म्हणाला नाही. पठ्ठ्याने लगेच सांगितलं, कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की! खोटं बोलत नव्हता तो, त्याला खरंच तसं वाटत होतं. गझानिगाने डाव्या अर्ध्यातल्या या कारण शोधणाऱ्या यंत्रणेला 'इंटरप्रिटर' म्हटलं. (आपल्या कोडिंगमधला नव्हे!)

हे वाचलं आणि मला मागच्या वर्षीची एक मीटिंग आठवली. प्रॉडक्शन पडलं होतं. 'टाइमआउट का वाढवलास?' असं विचारल्यावर मी ठामपणे म्हणालो, ज्युनिअरचं मॉड्यूल स्लो होतं म्हणून. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणी त्याने खाल्ली. महिन्याभराने भलतंच काही शोधताना व्हर्जन हिस्टरीत तारीख दिसली. माझा बदल त्याच्या मॉड्यूलच्या तीन आठवडे आधीचा होता! मी खोटं बोललो नव्हतो हो. मला ते कारण अगदी आठवत होतं. आणि माझी केबल तर शाबूत आहे. तारीख पाहूनही मी गप्प बसलो, ते मात्र इंटरप्रिटरच्या नावावर खपवता येणार नाही.

असो. त्या ट्रेनरसाठी एक माहिती : २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने हजारावर लोकांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले. काही कामं एका बाजूला जास्त होतात हे दिसलंच, पण एकूणात 'डाव्या मेंदूची' आणि 'उजव्या मेंदूची' माणसं असे गट काही सापडले नाहीत.

सोमवारी ज्युनिअरला चहाला नेऊन सगळं सांगितलं. 'जाऊ दे रे, जुनं झालं,' म्हणाला. मग जागेवर येऊन मीटिंगमधल्या सगळ्यांना, त्या तारखेसकट, मेल टाकली.