मट्टांचेरीची गल्ली : कोचीच्या ज्यूंनी शेजार कसा निवडला

माणूस नव्या शहरी आला म्हणजे पोटाची सोय लागल्यावर त्याला दुसरा प्रश्न पडतो तो बिऱ्हाडाचा. कोणत्या भागात राहावे? भाडे किती, पाणी कसे, शेजारी कोण, कामाचे ठिकाण किती लांब? ज्यू माणसास यात आणखी एक हिशेब करावा लागतो. शब्बाथच्या दिवशी वाहनात बसायचे नाही, तेव्हा मशीद पायी जाण्याच्या अंतरावर हवी. ज्या समाजांनी हा प्रश्न शेकडो वर्षे पुनःपुन्हा सोडविला, त्यांत कोचीचे आपले बांधव अग्रभागी आहेत. त्यांच्या वस्तीचा इतिहास पाहिला तर घर निवडण्यात केवढा मोठा विचार भरलेला असतो ते कळते. आणि एका गल्लीत शेजारी राहूनही माणसे किती दूर राहू शकतात, हेही कळते.

मुळात कोची ही त्यांची पहिली वस्ती नव्हे. पहिली वस्ती उत्तरेस क्रांगनोर, म्हणजे आजचे कोडुंगल्लूर, येथे होती. इ. स. १००० च्या सुमारास राजा भास्कर रविवर्मा याने योसेफ रब्बान यास ताम्रपट देऊन ७२ मानमरातब बहाल केले. पालखी, छत्री, दिवसा दिवा लावण्याचा मान अशा गोष्टी त्यांत येतात. हे ताम्रपट पुढे कोचीच्या परदेशी मशिदीत जपून ठेवण्यात आले. २०१७ साली भारताच्या पंतप्रधानांनी इस्राएलला भेट दिली, तेव्हा भेट म्हणून आणल्या त्या याच ताम्रपटांच्या प्रतिकृती.

परंतु राजाने मान दिला तरी नदीने साथ द्यावी लागते. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला. क्रांगनोरचे बंदर गाळाने भरत गेले आणि दक्षिणेस कोचीपाशी समुद्राला नवे तोंड फुटले. व्यापार जिकडे वळला तिकडे व्यापारी वळले. कोचीतील कोचंगाडी या भागात १३४४ साली मशीद झाली. तिचा कोरीव दगड आज परदेशी मशिदीच्या आवारात पाहावयास मिळतो. बंदर बदलल्यानंतर तीनच वर्षांत नव्या जागी मशीद उभी राहते, यावरून त्या मंडळींनी किती तातडीने निर्णय घेतला असेल याची कल्पना करावी.

क्रांगनोरला जे राहिले होते त्यांच्यावर १५२४ साली हल्ला होऊन त्यांची घरे व मशिदी जाळण्यात आल्या. त्यानंतर तेथून कोचीकडे येणाऱ्यांची संख्या वाढली. याच सुमारास आणखी एक प्रवाह येऊन मिळाला. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हद्दपार करण्यात आले होते. त्यांपैकी काही कुटुंबे, तसेच पुढे अलेप्पो, बगदाद इत्यादी ठिकाणची कुटुंबे कोचीस आली. स्थानिक लोक त्यांना ‘परदेशी’ म्हणू लागले. हा शब्द आपल्या मराठीत जसा आहे तसाच मल्याळममध्ये आहे आणि अर्थही तोच.

आता या सर्वांनी राहायचे कोठे? त्या काळच्या कोचीत तीन पर्याय होते.

पहिला पर्याय किल्ल्याचा. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी समुद्राच्या तोंडाशी किल्ला बांधला. आज त्या भागास फोर्ट कोची म्हणतात. वारा चांगला, जहाजे समोर, बाजारपेठ हाताशी. पण ज्या राजवटीच्या भीतीने स्पेन आणि पोर्तुगाल सोडले, तिच्याच तटबंदीच्या आत घर कोण करील? १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले, तेव्हा ही शंका खरी ठरली. चांगल्या हवेची जागा सोडावी लागली ती अशी.

दुसरा पर्याय खाडीपलीकडील एर्णाकुलमचा. तेथे मलबारी ज्यूंची वस्ती होती आणि पुढे दोन मशिदीही नांदल्या. जागा भरपूर, जमीन सुपीक. पण परदेशाशी व्यापार करणाऱ्याला रोज नावेने खाडी ओलांडणे आले.

तिसरा पर्याय मट्टांचेरीचा. किल्ल्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत, खाडीच्या काठी. येथे कोचीच्या राजाचा वाडा होता. तो १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनीच राजास बांधून दिला होता आणि पुढे डचांनी दुरुस्त केल्यामुळे त्याला ‘डच पॅलेस’ हे नाव पडले. राजाने १५६७ साली ज्यूंना वाड्यालगतची जमीन दिली आणि १५६८ मध्ये तेथे परदेशी मशीद उभी राहिली. राजवाड्यातील देवीचे मंदिर आणि आपली मशीद यांच्यामध्ये केवळ एक भिंत आहे. एका बाजूस घंटा, दुसऱ्या बाजूस शेमा, आणि चार शतकांहून अधिक काळ कोणास कोणाचा त्रास झाला नाही.

राजाने जागा दिली यात औदार्य होते, तसा व्यवहारही होता. मिरी आणि मसाल्याच्या व्यापारातून जकात मिळे आणि परदेशांशी संबंध असलेली माणसे दरबारास उपयोगी पडत. ज्यूंच्या बाजूनेही हिशेब सरळ होता. किल्ल्याच्या तोफांपेक्षा राजाच्या भिंतीची सावली त्यांना अधिक भरवशाची वाटली.

शेजारीही असेच निवडलेले होते. गोव्यातील पोर्तुगीजांच्या जाचामुळे निघालेले कोकणी भाषक गौड सारस्वत ब्राह्मण सोळाव्या शतकात कोचीस आले आणि मट्टांचेरीच्याच परिसरात स्थिरावले. त्यांचे तिरुमल देवाचे मंदिर आजही तेथे आहे. म्हणजे एकाच छळाच्या भीतीने निघालेले दोन समाज एकाच राजाच्या आश्रयास आले आणि शेजारी झाले. कोकणची बोली त्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर बोलली जात होती, ही गोष्ट आपणा कोकणवासीयांना सुखावणारी आहे.

राजाची सावली नेहमीच पुरली असे मात्र नाही. १६६२ साली डचांनी कोचीस वेढा घातला. ज्यूंनी डचांना मदत केली. वेढा फसला आणि पोर्तुगीजांनी ज्यू वस्तीवर सूड उगवला. मशिदीस आग लावली. पुढील वर्षी, १६६३ मध्ये, डचांनी शहर जिंकले आणि १६६४ मध्ये मशीद दुरुस्त होऊन पुन्हा उभी राहिली. या घटनेनंतर कोणी वस्ती सोडून गेले असते तर आश्चर्य वाटले नसते. पण माणसे त्याच जागी परतली. डचांच्या काळात या गल्लीची भरभराट झाली. १६८६ साली आम्स्टरडॅमहून मोझेस परेरा द पाइव्हा यांचे शिष्टमंडळ आले आणि त्यांनी लिहिलेल्या वृत्तांतामुळे युरोपच्या ज्यूंना कोचीची ओळख झाली.

अठराव्या शतकात या गल्लीत इझिकेल रहाबी (१६९४–१७७१) हे मोठे व्यापारी होऊन गेले. डच कंपनीचे काम ते पाहत. मशिदीचा घड्याळाचा मनोरा १७६० मधला आणि चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा १७६२ मधल्या. त्या हाताने रंगविलेल्या असून एकसारखी दुसरी नाही असे म्हणतात. याच रहाबींनी १७६८ साली आम्स्टरडॅमला लिहिलेल्या पत्रात आपल्या बेने इस्राएल समाजाचा उल्लेख केला आहे. मराठ्यांच्या मुलखात राहणारे, तेलाचे घाणे चालविणारे, शब्बाथ पाळणारे आणि शेमा म्हणणारे लोक, असे ते वर्णन आहे. शनिवार तेल्यांची वार्ता युरोपास गेली ती मट्टांचेरीच्या गल्लीतून. एकोणिसाव्या शतकात मुंबईस आणि कोकणात धर्मशिक्षण देण्यास जे शिक्षक आले त्यांत कोचीचे लोक होते, हेही आपण विसरता कामा नये.

आता गल्लीच्या आत डोकावू. रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंस भिंतीस भिंत लागलेली दुमजली घरे. खाली माल, वर बिऱ्हाड. हवेत मिरी आणि सुंठीचा वास. उत्तरेच्या टोकास परदेशी मशीद. दक्षिणेच्या टोकास मलबारी ज्यूंची कडवुंभागम मशीद, १५४४ सालची. मध्ये त्यांचीच तेक्कुंभागम. कडव म्हणजे धक्का, तेक्क म्हणजे दक्षिण. धक्क्याकडले आणि दक्षिणेकडले, असे या नावांचे अर्थ. एर्णाकुलमच्या दोन मशिदींचीही हीच दोन नावे आहेत. आपण गाव सोडले तरी किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी गावे आडनावांतून बरोबर आणली. त्यांनी आळ्यांची नावे मशिदींबरोबर नेली.

एका गल्लीत तीन मशिदी म्हणजे वैभवच. पण हे वैभव दुहीचेही होते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. परदेशी ज्यू स्वतःस गोरे म्हणवीत, मलबारी ज्यूंना काळे म्हणत. तीन मशिदी पाच मिनिटांच्या अंतरावर असून एकमेकांत सोयरीक होत नसे. याहूनही कठीण स्थिती ‘मेशुह्रारीम’ म्हणजे मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांची होती. त्यांना परदेशी मशिदीत बाकावर बसण्यास आणि तोरा वाचण्यास मनाई होती. ओसरीत जमिनीवर बसावे लागे. याच वर्गातील अब्राहम बराक सालेम (१८८२–१९६७) हे वकील झाले, कोचीच्या विधिमंडळात गेले आणि गांधीजींच्या मार्गाने स्वतःच्याच मशिदीत सत्याग्रह केला. लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणत. बंधने हळूहळू सैल झाली. तरी १९५० साली त्यांच्या मुलाने एका परदेशी कुटुंबातील मुलीशी विवाह केला तो कोचीत नव्हे, मुंबईस. आज त्या गल्लीच्या रस्त्याला सालेम यांचेच नाव आहे.

हे वाचून आपण कोचीवाल्यांस नावे ठेवू नयेत. आपल्याकडेही गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल हा भेद होता आणि आपले आजोबा-पणजोबा तो पाळीत. मुंबईत १७९६ साली सामुएल दिवेकरांनी पहिली मशीद बांधली, तिच्याभोवती इस्राएल मोहल्ला वसला. मशीद बंदर या नावाचा संबंधही त्याच मशिदीशी जोडतात. तेथेही मशीद एक, शेजार एक, आणि पंगतीत मात्र अंतर. मशीद जवळ असली म्हणजे मने जवळ येतात, असा नियम नाही.

१९४८ नंतर चित्र पालटले. कोचीच्या सुमारे अडीच हजार ज्यूंपैकी बहुतेक मलबारी ज्यू १९५४ च्या आसपास अलिया करून आले. सालेम यांनी १९५३ साली येथे येऊन त्यांच्यासाठी खटपट केली. स्वतः मात्र ते कोचीतच राहिले. ज्या समाजाने बंदर, राजा, नदी आणि शेजारी पारखून शेकडो वर्षे घर निवडले होते, त्याला येथे निवड नव्हती. नेवातीम, ताओझ, मेसिलात झियोन, अविएझेर, क्फार युव्हाल अशा मोशावांत त्यांना नेण्यात आले. खाडीकाठच्या माणसास नेगेव्हचे वाळवंट मिळाले. तेथे त्यांनी फुलांची शेती केली आणि नाव काढले. आपल्या समाजाचा अनुभव वेगळा नाही. दिमोना, येरुहाम, बेर शेवा, अश्दोद, किर्यात गात ही गावे आपण नकाशा पाहून निवडली नव्हती. नंतर मात्र मशिदी उभ्या राहिल्या, मलिदा होऊ लागला, आणि दिलेली जागा आपली झाली.

परदेशी ज्यू कोचीत अधिक काळ राहिले. १९६८ मध्ये मशिदीस ४०० वर्षे झाली तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभास आल्या आणि टपाल तिकीटही निघाले. पुढे तेही एकेक करून निघाले. आज तेथे दहा पुरुषांचा मिन्यान स्थानिक माणसांतून होत नाही. ज्यू टाऊन ही पाटी आहे. पण घरांतून काश्मिरी शाली, जुन्या वस्तू आणि मसाल्याची दुकाने आहेत. तेक्कुंभागम पाडली गेली. कडवुंभागम काथ्याचे गोदाम झाली. तिचे कोरीव लाकडी अंतरंग येरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आणून बसविले आहे आणि २०१९ च्या पावसात तिच्या मूळ इमारतीचा दर्शनी भाग कोसळला.

येरुशलेमला जाणाऱ्या वाचकांनी म्युझियमच्या त्या दालनात अवश्य जावे आणि मुलांनाही न्यावे. छतावरील कोरीव कमळे दाखवावीत. त्याच वेळी त्यांना हेही सांगावे की ही मशीद गल्लीच्या दक्षिण टोकाची, तिकडे बसणाऱ्यांना उत्तर टोकाचे लोक मुली देत नसत. आज दोन्ही टोकांची नातवंडे येथे एकाच शाळेत शिकतात, एकाच सैन्यात जातात आणि परस्परांशी लग्नेही करतात. आपल्यातील गोरा-काळा हा भेदही येथे मुलांना समजावून सांगावा लागतो, इतका तो विरला. घर निवडताना मशीद किती अंतरावर आहे हे जरूर पाहावे. पण त्या मशिदीत शेवटच्या बाकावर कोण बसते आणि त्याला कोणी जवळ बोलावते की नाही, हेही एकदा पाहून घ्यावे.