विमान कशाचे करावे? वखार, पाइप आणि पत्र्याचा इतिहास

१/ ऑगस्ट २०२१. हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी या गावी एक तरुण वेल्डर स्वतः घडविलेल्या एकआसनी हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. सांगाडा लोखंडी पाइपांचा, इंजिन मारुती ८०० मोटारीचे. इंजिन सुरू झाले, पाती फिरू लागली. तेवढ्यात शेपटीकडचे पाते तुटून वरच्या मुख्य पात्यावर आदळले. त्या आघातात त्या तरुणाचा प्राण गेला.

२/ अशा प्रसंगी धाडसाची चर्चा होते. साहित्याची क्वचितच होते. वास्तविक हिंगोलीच्या बाजारात लाकूड, कापड, लोखंडी पाइप आणि ॲल्युमिनियमचा पत्रा सहज मिळतो. जगातील बहुतेक हलकी विमाने याच चार वस्तूंची झाली. मग बाजारातला पाइप आणि विमानातला पाइप यांत फरक कोणता? त्या फरकाचा इतिहास म्हणजेच हलक्या विमानाचा इतिहास होय.

३/ आरंभ लाकडापासून. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले, ते स्प्रूस आणि ॲश या लाकडांचे होते. पंखांवर मलमलीचे कापड ताणलेले होते. त्यांच्या इंजिनाचा मुख्य भाग मात्र ओतीव ॲल्युमिनियमचा होता. स्प्रूस हा थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्ष. त्याचे तंतू लांब व सरळ असतात आणि वजनाच्या मानाने त्याची ताकद मोठी असते.

४/ आपल्याकडचा साग का नको? साग टिकाऊ आहे, मजबूतही आहे. पण एक घनमीटर साग साधारण ६५० किलो भरतो, तर स्प्रूस ४०० ते ४५० किलो. शिवाय सागाच्या अंगात तेल असल्याने त्याला सरस नीट धरत नाही. वाड्याची तुळई जड असली तरी चालते, कारण तिला जमिनीवरून उठायचे नसते.

५/ स्प्रूसमध्येही निवड आहेच. पंखाच्या मुख्य तुळईसाठी प्रत्येक इंचात किमान ६ वार्षिक वलये असावीत, आणि १५ इंच लांबीत तंतूंनी १ इंचाहून अधिक तिरपे जाऊ नये, असा दंडक पुढे रूढ झाला. लाकूड तेच, पण तंतू तिरके गेले की ताकद झपाट्याने घटते. म्हणजे झाडाची जात पुरेशी नाही. प्रत्येक फळी पारखावी लागते.

६/ बांबूचाही प्रयोग झाला. ब्राझीलचे आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांनी १९०७ पासून पॅरिसजवळ ‘द्म्वाझेल’ हे चिमुकले विमान विकसित केले. त्याचे धड बांबूचे आणि पंख रेशमी कापडाचे होते. त्यांनी त्याचे आराखडे कोणालाही मुक्तपणे वापरू दिले. बांबू हलका व चिवट खरा. पण कोणतेही दोन बांबू सारखे नसतात, आणि जोडासाठी भोक पाडले की तो उभा चिरतो. त्यामुळे तो विमानविद्येत टिकला नाही.

७/ लाकडी विमानाचा दुसरा प्राण म्हणजे सरस. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘मॉस्किटो’ हे विमान मुख्यतः लाकडाचेच होते. आरंभीच्या विमानांत दुधातील केसीनपासून केलेला सरस वापरला जाई. पुढे कृत्रिम रेझीनचा सरस आला. १९४४ मध्ये भारतात तैनात असलेल्या काही मॉस्किटोंच्या पंखांचे आवरण सांगाड्यापासून सुटलेले आढळले. उड्डाणे थांबवून तपासण्या झाल्या. दोष दमट हवेचा की कारखान्यातील जोडकामाचा, यावर वाद रंगला. वैमानिकाच्या दृष्टीने निष्कर्ष एकच होता: फळी शाबूत असूनही जोड दगा देऊ शकतो.

८/ लाकडाच्या जोडीला पोलादी नळी आली. पहिल्या महायुद्धात फोकर कंपनीने वेल्डिंगने जोडलेल्या नळ्यांचे धड रूढ केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू येथे उतरले. त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानाचे धड पोलादी नळ्यांचे, पंख लाकडाचे आणि वरचे आवरण कापडाचे होते. १९५८ मध्ये उडालेले हिंदुस्थान एअरक्राफ्टचे ‘पुष्पक’ याच घराण्यातले. देशातील फ्लाइंग क्लबांतून अनेक जण त्यावर विमान चालवायला शिकले.

९/ मात्र ही नळी फर्निचरच्या किंवा गेटच्या पाइपाची बहीण नव्हे. पुढे घरगुती विमानांसाठी प्रमाण मानली गेलेली ‘४१३०’ नळी क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची आणि बिनसांध्याची असते. तिची ताण सोसण्याची क्षमता साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट, वजन मात्र तेवढेच. बाजारातला पाइप बहुधा पट्टी वळवून, सांधून केलेला असतो. पाणी वाहून न्यायला किंवा मांडवाला तो उत्तम. पण तो कोणत्या मिश्रणाचा आहे, हे त्यावर लिहिलेले नसेल, तर हिशेब कोणत्या आकड्यावर मांडायचा?

१०/ ॲल्युमिनियमची कथा तर अधिकच फसवी. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. १९०६ मध्ये जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना आढळले की तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून झटकन थंड केले आणि काही दिवस तसेच ठेवले, तर ते आपोआप कठीण होते. तेच ड्युरॅल्युमिन. त्याच्याच वंशातला आजचा ‘२०२४-टी३’ पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमच्या चौपटीहून अधिक ताण सोसतो.

११/ परंतु स्वयंपाकघरातील हिंडालियमची कढई, खिडकीची चौकट आणि विमानाचा पत्रा डोळ्यांना सारखेच चंदेरी दिसतात. भेद सांगतो तो पत्र्यावर छापलेला क्रमांक. शिवाय ॲल्युमिनियमला थकवा येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा हा धातू लहानशा पण अखंड कंपनांनीही कालांतराने चिरतो. फिरत्या पात्यावर तर वेग दुप्पट झाला की बाहेर खेचणारा ताण चौपट होतो.

१२/ महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. वैमानिक असलेल्या यादव यांचे आधीचे दोन प्रयत्न उड्डाणापर्यंत पोहोचले नाहीत. तिसरे, सहा आसनी धातूचे विमान त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधील राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. २०१७ मध्ये नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाण चाचणीचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले.

१३/ लोकांनी विमान पाहिले तेव्हापासून ते उडेपर्यंत चार वर्षे लोटली. घडवणे आणि घडवलेले विश्वासार्ह आहे हे दाखवणे, ही दोन निराळी कामे आहेत, हेच या तारखा सांगतात. दुसऱ्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण वैमानिकाचा जीव त्यावरच टांगलेला असतो.

१४/ ही पारख करण्याची एक जुनी, साधी रीत आहे: विमान उलटे करून पंखांवर वाळूची पोती रचायची. सर्वसाधारण हलक्या विमानाच्या पंखांनी वजनाच्या ३.८ पट भार कायमचे न वाकता आणि त्याच्या दीडपट, म्हणजे ५.७ पट भार न तुटता सोसावा, असा संकेत आहे. विमान ६०० किलोचे धरले तर ढोबळमानाने हा भार ३,४२० किलो होतो.

१५/ हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीची पोती रोज वजनकाट्यावर चढतात. ५० किलोचे एक, अशी सुमारे ६८ पोती त्या दोन पंखांवर रचलेली डोळ्यांपुढे आणावीत. त्या ओझ्याखाली जे लाकूड, जी नळी, जो पत्रा आणि जो जोड शाबूत राहील, त्यालाच विमानाचे साहित्य म्हणावे. जे मोडेल, ते जमिनीवरच मोडलेले बरे. तिथे नुकसान फक्त पत्र्याचे होते.