साडेसात किलोमीटर सूत

पुरुषाच्या मध्यम मापाच्या साध्या सुती टी-शर्टचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. तो तीस काउंटच्या एकेरी सुताचा असेल, तर त्यात सुमारे साडेसात किलोमीटर सूत असतं. हे सूत मागावरच्या कापडासारखं उभं-आडवं जात नाही. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे त्याचे फासे काढलेले असतात. म्हणून टी-शर्ट ताणतो, अंगावर बसतो, आणि वाईट असला तर दोन धुण्यांत खांद्यावरून उतरतो. टी-शर्ट ‘बसतो कसा’ हे बरंचसं शिंप्याच्या कात्रीआधीच ठरलेलं असतं. कात्रीआधी फासा, फाशाआधी सूत, सुताआधी तंतू. आणि तंतूपर्यंत मागे गेलं की वाट यवतमाळच्या काळ्या जमिनीत येते.

फाशांची बाजू परदेशातून आली. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं. १८४० च्या दशकात लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने आपोआप मिटणाऱ्या जिभेची सुई काढली आणि गोल यंत्रावर कापडाची नळी भराभर उतरू लागली. अशा कापडाचे आतले कपडे पुढे अमेरिकेत घरोघरी गेले. तिथल्या नौदलाने १९१३ मध्ये गोल गळ्याची, बिनबटणाची पांढरी सुती बंडी गणवेशात घेतली. ती शर्टाच्या आत घालायची होती. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जवानांनी ती नुसतीच घालायला सुरुवात केली, आणि १९५१ मध्ये नट मार्लन ब्रँडो पडद्यावर तशाच टी-शर्टमध्ये दिसला. आतला कपडा बाहेरचा झाला तो असा.

आपल्याकडे होजिअरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात सुरू झाली. १९२० च्या दशकात ती यंत्रं तिरुपूरला पोचली. तिथे आधी बनियनच व्हायचे. ८५, ९०, ९५ हे बनियनचे आकडे म्हणजे छातीचं सेंटिमीटरमधलं माप. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते. टी-शर्टवर ‘एम’, ‘एल’ आलं आणि एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एमएवढा निघू लागला.

तंतूची बाजू मात्र इथली, वऱ्हाडातल्या यवतमाळची. अमेरिकेच्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज झाली. किलिक निक्सनची ही गाडी, आपली शकुंतला, गाठी मूर्तिजापूरला नेऊन मोठ्या रुळांवर सोडायची. तिथून मुंबई.

पण तो कापूस आजच्या टी-शर्टचा नव्हता. वऱ्हाडात ‘बनी’ नावाचा देशी कापूस होता. तंतू बारीक, तलम, हिंगणघाटच्या नावाने तो नावाजलेला. त्याला हळूहळू ‘जरी’ने मागे टाकलं. जरीचा तंतू आखूड आणि भरड, पण पीक जास्त यायचं, आणि बाजारात मोल होतं ते वजनाला. शेतकऱ्याने केलं ते अगदी बरोबर केलं. ज्या गुणाचे पैसे मिळत नाहीत, तो त्याने कुणासाठी जपावा? अशा आखूड तंतूचं जाड सूत निघतं. त्याची सतरंजी होईल, खादी होईल. अंगाला न बोचणारं तीस काउंटचं सूत होणार नाही.

चित्र पालटलं ते १९७० नंतर. सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा अमेरिकन कापसाचा संकर काढला, व्यापारी लागवडीचा जगातला पहिला. पुढे संकरित वाणं विदर्भभर पसरली. २००२ पासून बीटी आलं आणि देशी कापूस कडेला गेला. आता जिनिंगमध्ये येणारा तंतू बहुतेक २८ ते ३० मिलिमीटरचा असतो, म्हणजे नेमका टी-शर्टला लागतो तसा. त्यापायी आपण सरकीचा वाढता खर्च आणि कोरडवाहू जमिनीत न पेलणारी जोखीम घेतली, हे मात्र विसरता येत नाही.

शेतात सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा सुरू होतो. तिथून पुढे टी-शर्टचा दर्जा वेचणाऱ्या बाईच्या बोटांत असतो. पहिला वेचा पावसात सापडला तर डागतो. मधल्या वेच्यांचा कापूस सहसा सरस. बोंडअळीने खाल्लेली बोंडं ‘कवडी’ होतात, आणि हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून फरदड घेतली तर शेवटचा तंतू कच्चा व आखूड येतो. कवडी आणि फरदड चांगल्या कापसात मिसळली की ती थेट सदऱ्यापर्यंत जाते. कच्चा तंतू रंग नीट धरत नाही, आखूड तंतूचं टोक सुतातून बाहेर येतं आणि महिनाभरात छातीवर, काखेत बारीक गोळे दिसतात. ‘कोम्ब्ड’ लिहिलेल्या टी-शर्टमध्ये असे आखूड तंतू विंचरून काढतात. त्यात शेकडा पंधरा-सोळा रुई बाजूला पडते, म्हणून तो महाग आणि मऊ.

आता हिशेब. क्विंटलभर कापसातून चौतीस किलोच्या आसपास रुई निघते. विंचरण, कताई आणि कापणीतली घट धरली तर एका टी-शर्टला साडेसहाशे ग्रॅम कापूस लागावा. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे त्या टी-शर्टमधला शेतकऱ्याचा कापूस बावन्न-त्रेपन्न रुपयांचा, तोही हमीभाव हाती पडला तर. जिल्ह्यातलं कापडाचं मोठं नाव म्हणजे लोहाऱ्याचं डेनिम, आणि डेनिमला जाड सूत चालतं. गोल यंत्रांसाठी गाठ बाहेर जाते. बोंडापासून शिवणीपर्यंतचा एवढा मोठा मधला भाग जिल्ह्याबाहेर होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुकानात हल्ली ‘एकशेऐंशी जीएसएम, बायोवॉश’ असं सांगतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन, दर्जा नव्हे. भरड सुताचं जाड कापड सहज दोनशेचं होतं. मे महिन्यात यवतमाळला पारा चव्वेचाळीसवर असताना असला टी-शर्ट घालून कुणी दिवस काढून पाहावा. आपल्या उन्हाला दीडशे-एकशेसाठचं बारीक, विंचरलेल्या सुताचं कापडच बरं. बायोवॉश म्हणजे विकराने वरची लव खाऊन टाकणं. हात फिरवला की छान लागतं, पण आतला आखूड तंतू त्याने लांब होत नाही.

तेव्हा टी-शर्ट उलटा करून उजेडासमोर धरावा. जाड-बारीक पट्टे दिसले तर सूत असमान आहे. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यावी, मुंढा काखेत रुतू नये, गळ्याची पट्टी ताणून सोडली की जागेवर परतावी. एवढं पाहूनही एक गोष्ट राहतेच. एकेरी सुतातला पीळ पाण्यात सुटू पाहतो आणि कापड तिरकं फिरतं. काखेतून सरळ उतरणारी शिवण पोटावर येते. कापड नीट आटवून घेतलं नसेल तर लांबी घटते ती वेगळीच. म्हणून तीन-चार घ्यायचे असले तरी आधी एकच घ्यावा, धुवावा, सावलीत वाळवावा आणि शिवण पाहावी. ती जागची हलली नसेल, तर बाकीचे त्याच दुकानातून घ्यावेत.